‘ऐसा पीस दुसरा नहीं मिलेगा’ : दुर्मिळ म्हणवणारं जुनं घड्याळ तपासताना

काळीकुळकुळीत डायल, लालभडक सेकंद काटा, वर सोनेरी अक्षरांत ओमेगा हे स्विस कंपनीचं नाव, खाली वळणदार अक्षरांत सीमास्टर हे मॉडेलचं. बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी ठसठशीत आकडे, मध्ये पांढऱ्या रेघेचं वर्तुळ. २०११ सालच्या एका शुक्रवारी पहाटे चोर बाजारात रस्त्यावरच्या चादरीवर मी हे घड्याळ पाहिलं, तेही बॅटरीच्या उजेडात. विकणारा म्हणाला, "साब, ऐसा पीस दुसरा नहीं मिलेगा." मी चौदा हजार मोजले. गिरगावात घरी पोचेपर्यंत बाही वर करकरून ते किती वेळा पाहिलं, त्याची गणती नाही.

दुपारी फोर्टात गेलो. बोरा बाजाराच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली एक घड्याळजी काका बसत. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावला, दहा सेकंद पाहिलं, काढला.

"किती दिलेस?"

"चौदा."

"मशीन चांगलं आहे."

लग्नाचं जेवण कसं झालं विचारल्यावर पाहुण्याने ‘मठ्ठा थंडगार होता’ म्हणावं, त्यातला प्रकार. विकणारा मात्र खोटं बोलला नव्हता. असा पीस खरंच दुसरा नव्हता, कारण तो कुठल्याही कारखान्यात तयारच झाला नव्हता. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. वडापावानंतर आपल्या शहराचं नाव इतकं दूर नेणारी दुसरी वस्तू म्हणजे रंगवलेली डायल.

या प्रकाराला सुरुवात मात्र फसवणुकीतून झाली नाही. मुंबईची हवा दमट आणि खारी. चावीच्या, म्हणजे बाजूच्या गोल बटणाच्या, आतलं रबर वयानं कडक झालं की पावसाळ्यात ओल आत शिरते आणि डायलवर डाग पडतात. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात स्वित्झर्लंडहून नवी डायल मागवणं मध्यमवर्गाच्या कल्पनेतही नव्हतं. मग दुरुस्तीवाला म्हणायचा, "रंगवून देतो, नव्यासारखी." आमच्या चाळीत दोन घड्याळं अशी रंगून आलेली मला आठवतात आणि दोन्ही घरं खूश होती. लबाडी पुढे सुरू झाली, रंगवलेल्या डायलला कोणीतरी ‘दुर्मिळ व्हेरियंट’ म्हणू लागलं तेव्हा.

नव्याने या छंदात येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. साध्या घड्याळाचा खरेखोटेपणा तुलनेने पटकन कळतो, कारण शेजारी ठेवून पाहायला तसंच दुसरं मिळतं. वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या खुणेच्या, वेगळ्या डायलच्या घड्याळाला जोडीदारच नसतो, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर चालतो. मी हे उलट्या बाजूने तपासतो. खरं दुर्मिळ घड्याळ बहुतेकदा एकाच ठिकाणी दुर्मिळ असतं. बाकी सगळ्या बाबतीत ते आपल्या भावंडांसारखंच निमूट, नियमात बसणारं असतं. म्हणून वेगळेपणाकडे शेवटी बघायचं. आधी साध्या गोष्टी साध्या आहेत का, ते बघायचं.

उदाहरणं मी मुख्यतः ओमेगाची देतोय, कारण मुंबईत जुन्या कपाटांतून निघणाऱ्या भारी घड्याळांत ते नाव वारंवार भेटतं. पद्धत इतर कंपन्यांनाही लागू पडते.

घरातून निघण्यापूर्वी

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च (लोहार चाळीत कुठेही मिळेल), जवळून फोटो काढणारा फोन आणि एक वही. मागचं झाकण उघडायची चावी विकत घेऊ नका. नवशिक्याच्या हातून ती घसरते आणि झाकणावर आयुष्यभराचा ओरखडा उठतो. माझ्याकडे असा एक ओरखडा आहे.

खरी तयारी डोळ्यांची. जे मॉडेल तुम्हाला दाखवणार आहेत, त्याच्या अगदी सामान्य आवृत्तीचे निदान पन्नास फोटो आधी बघून ठेवा. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींचे फोटो सगळ्यात उपयोगी, कारण ते मोठे आणि सरळ समोरून काढलेले असतात. अक्षरांची जाडी, ‘स्विस मेड’ कुठे बसतं, काट्यांचं टोक कुठवर पोचतं, एवढंच बघत राहा. सराफाकडचा पोरगा आधी महिनोन्महिने खरंच सोनं हाताळतो, खोटं मग त्याच्या हाताला आपोआप कळतं. इथेही तसंच.

गोष्ट ऐका, वहीत लिहा, बाजूला ठेवा

दुर्मिळ घड्याळासोबत गोष्ट येतेच. मुंबईत सगळ्यात चालणारी गोष्ट आखाताची: "चाचा मस्कतला शेखकडे होते, त्यांना बक्षीस मिळालेलं." ही गोष्ट धोकादायक आहे, कारण ती खरी असू शकते. ओमानच्या खंजिराची राजमुद्रा असलेली रोलेक्स घड्याळं खरोखरच बनली, भेट म्हणून दिली गेली, आणि आपल्याकडचे लाखो लोक आखातात राबून आले. पण खंजिराचा छाप साध्या डायलवर मागाहून मारणं हे छोट्याशा छापखान्याचं काम आहे. ते चिन्ह जितकं महाग, तितका तो छाप मारण्याचा मोह मोठा.

डबा आणि कागद नाहीत म्हणून घड्याळ नाकारू नका. त्या काळात कितीतरी घड्याळं खिशातून, मनगटावरून, सामानात लपून या देशात आली. त्यांची पावती कुठून असणार? आणि डबा-कागद आहेत म्हणून हुरळूनही जाऊ नका. रिकामे जुने डबे वेगळे विकले जातात. कागद असतील तर त्यावरचा नंबर घड्याळातल्या नंबराशी जुळतो का, एवढंच महत्त्वाचं.

कोणी, कधी, कुठून आणलं हे वहीत लिहून घ्या. पुढे झाकण उघडल्यावर यातलं एखादं साल उपयोगी पडतं. चाचा १९६५ ला परत आले आणि मशीन १९६९ चं निघालं, तर चाचांना जाऊ द्या आणि तुम्हीही निघा.

डायल: इथे वेळ घालवा

घड्याळ उजेडाला तिरकं धरा आणि भिंगातून काठापासून आत या. सगळे जण आधी नावाकडे बघतात, म्हणून रंगवणाराही नावावर मेहनत घेतो. काठाकडे त्याचं लक्ष कमी असतं.

मिनिटांच्या बारीक रेघा मोजा. कारखान्यातल्या छपाईत प्रत्येक रेघ सारख्या जाडीची, दोन्ही टोकांना स्वच्छ तुटलेली असते. रंगवलेल्या डायलवर काही रेघा जाड, काही पुसट, काही पाय घसरल्यासारख्या वाकड्या. पाच मिनिटांची रेघ तासाच्या पट्टीच्या (आकड्याऐवजी असलेल्या उभ्या खुणेच्या) बरोबर मध्यावर येते का बघा. बाराशी जुळली आणि चारपर्यंत येता येता केसभर सरकली, तर पट्टी आणि छपाई एका घरच्या नाहीत.

डायलच्या कडेला, बहुधा बारा किंवा तीनच्या जवळ, कानशीने घासलेली इवलीशी खाच दिसते का? रंगवणारे कारागीर डायल साच्यात नेमकी बसावी म्हणून ती पाडतात. काचेच्या कडेखाली ती अर्धी झाकलेली असते, म्हणून घड्याळ फिरवून फिरवून बघा. खाच दिसली तर मी पुढे फारसा वाद घालत नाही.

मग तासाच्या पट्ट्या. पूर्वीच्या चांगल्या डायलवर त्या वेगळ्या धातूच्या असतात, बारीक पाय डायलमध्ये रोवून बसवलेल्या. रंग देताना त्या काढून पुन्हा लावतात किंवा न काढताच भोवती रंग फिरवतात. दोन्हीची खूण बुडाशी राहते. पट्टीच्या पायथ्याशी लाखेचा गोळा, रंगाची साय, किंवा एका बाजूला कवडसा आणि दुसऱ्या बाजूला सावली असं तिरकं बसणं. तारखेची खिडकी असेल तर तिची कड सरळ, धारदार हवी. रंगाच्या थराने गोलसर झालेली कड म्हणजे खिडकीला नवा गिलावा केला आहे.

आता नाव. मी भिंगाखाली फोनने फोटो काढतो आणि घरच्या पन्नास फोटोंशी एकेक अक्षर ताडून बघतो. ओमेगाच्या ‘ए’चं डोकं, ‘जी’ची वळणाची शेपटी, ‘सीमास्टर’च्या ‘एस’चा डौल. हाताने बनवलेल्या साच्यात ही अक्षरं आपल्याकडच्या एसटीवरच्या पाट्यांसारखी होतात: सगळी आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. आणि सगळ्यात खाली ‘स्विस मेड’. ते नसणं, फार वर असणं किंवा सहाच्या पट्टीवर चढणं ही वाईट बातमी.

रंगाबद्दल माझा एक पूर्वग्रह आहे, तो सांगून टाकतो. काळी, गडद निळी किंवा दुरंगी डायल, त्यावर मोठे आकडे आणि लाल काटा असा सगळा थाट एकत्र दिसला की मी हात खिशात घालतो. काळ्या डायलचे खरे ओमेगा आहेत आणि ते महाग आहेत. म्हणून तर रंगवणाऱ्याच्या ब्रशला काळा रंग आधी लागतो.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात मी तोंडावर आपटलो. काळ्या डायलनंतर दोनेक वर्षांनी माहीममधल्या एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या यजमानांचं सीमास्टर दाखवलं. डायलवर हातमागाच्या कापडासारखी आडवी-उभी वीण. मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. शहाणपणाने म्हटलं, "काकू, ही डायल कोणीतरी नंतर केली आहे." त्यांनी मुकाट्याने घड्याळ कपाटात ठेवलं. पुढे कळलं की अशा विणीच्या डायल सत्तरच्या दशकात ओमेगा आणि रोलेक्स दोघांनीही केल्या. त्यांना ‘लिनन डायल’ म्हणतात. मी पुन्हा गेलो, माफी मागितली आणि भिंगातून पाहिलं. वीण धातूतच दाबलेली होती, अक्षरांच्या खालून अखंड जात होती, आणि अक्षरांची शाई त्या उंचवट्यांवर बारीक उभी राहिली होती. रंगाच्या थराने वीण कुठेही बुजलेली नव्हती. असं दिसायला हवं. काकूंनी ते विकलं नाही, नातवाला दिलं.

काटे आणि चकाकी

काटे चटकन बघून होतात. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला आलेलं असावं, तासकाट्याचं तासाच्या पट्टीपाशी. आखूड काटे म्हणजे दुसऱ्या घड्याळाचे. काट्यांत काळी रेघ असेल तर पट्ट्यांतही बहुधा तशीच असते. काट्यांत अंधारात चमकणारा मसाला आहे आणि डायलवर कुठेच नाही, तर हे स्थळ जुळत नाही.

जुन्या चकाकीचं थोडं शास्त्र समजून घ्या, फार कामाला येतं. सुरुवातीच्या काळात रेडियम वापरत. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची जागा ट्रिटियमने घेतली आणि तशा डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक इंग्रजी ‘टी’ आला. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. म्हणजे १९६६ चं घड्याळ आज अंधारात आपसूक चमकायला नको. जांभळी टॉर्च मारली की मसाला जरा उजळेल, टॉर्च विझवली की काही क्षणांत मालवेल. तो विजयादशमीच्या रोषणाईसारखा मिनिटभर हिरवागार झगमगत राहिला, तर मसाला नवा आहे. आणि तळाला दोन ‘टी’ आहेत, पण डायलवर चकाकीचा ठिपकासुद्धा नाही? मग ती अक्षरं कुठल्या तरी दुसऱ्या डायलची नक्कल करताना आली आहेत.

रेडियमचा मसाला चमकेनासा झाला तरी किरणोत्सार जात नाही, त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षांच्या आसपास आहे. पन्नासच्या दशकातल्या डायलवरचा पिवळट-तपकिरी मसाला नखाने खरवडू नका, फुंकर मारू नका, आणि झाकण उघडं ठेवून चहा पीत बसू नका.

झाकण उघडल्यावर

आता घड्याळजीकडे चला. विकणाऱ्याला सोबत घ्या. "झाकण उघडू देणार नाही" म्हणणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. चांगला विक्रेता उलट स्वतःच उघडून दाखवतो.

साधारण १९६२ पासून ओमेगाच्या झाकणाच्या आत १६५.००२ असा, तीन आकडे, टिंब, तीन आकडे या धाटणीचा नंबर असतो. पहिले तीन आकडे म्हणजे घड्याळाची कुंडलीच. पहिला १ असेल तर पुरुषांचं घड्याळ. दुसरा आकडा मशीनची जात सांगतो: ३ म्हणजे चावीचं (हाताने चावी द्यायचं) आणि मधला सेकंद काटा, ४ म्हणजे चावीचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं), ६ म्हणजे ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) आणि मधला सेकंद काटा. तिसरा आकडा बांधणी सांगतो: ५ म्हणजे पाणी-प्रतिबंधक, ६ म्हणजे त्यात तारीख, ८ म्हणजे तारीख आणि वर क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक वेळेचं, प्रमाणपत्र. त्यामुळे १६५ ला तारीख नसते, १६६ ला असते. १३५ चं झाकण आणि डायलवर ‘ऑटोमॅटिक’ अशी जोडी दिसली, तर कुठलं तरी एक पाहुणं आहे. चंद्रावर गेलेल्या प्रकारच्या, ओमेगाच्याच स्पीडमास्टरचा १४५.०२२ हा नंबरही याच नियमाने वाचता येतो: पुरुषांचं, चावीचं क्रोनोग्राफ, पाणी-प्रतिबंधक.

माझ्या काळ्या डायलचं झाकण काकांनी उघडलं तेव्हा आत १६६ होतं. मशीनवर त्याच्या प्रकाराचा, म्हणजे कॅलिबरचा, नंबर ५६५. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "कान दे." चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढली. टक्. पुन्हा ओढली. टक्.

"काय ऐकलंस?"

"काहीतरी सरकलं."

"तारीख सरकली. या मशीनला चावी ओढली की तारीख बदलते. आता मला सांग, तारीख कुठे आहे?"

डायलवर खिडकीच नव्हती. आत तारखेची चकती इमानेइतबारे फिरत होती, बंद घरात कोणी कॅलेंडरची पानं फाडत बसावं तशी. काकांनी डायल उचलली तर तिचे दोन्ही पाय कापलेले आणि ती चिकटवून बसवलेली. पाठीवर काळ्या रंगाचे शिंतोडे आणि खिळ्याने कोरलेला कसलासा कामाचा नंबर. कारखान्यातल्या डायलची पाठ सहसा नुसत्या धातूची असते, फार तर बनवणाऱ्याचा छोटा ठसा.

मशीनमध्ये काय बघायचं? पन्नास-साठच्या दशकातल्या ओमेगाचं मशीन तांबूस रंगाचं असतं, एकसारखं आणि संथ चमकणारं. त्यावर कंपनीचं नाव, कॅलिबरचा नंबर, ज्वेलची (घर्षण कमी करणाऱ्या बारीक खड्यांची) संख्या. ५५२ हे तारखेशिवायचं ऑटोमॅटिक २४ ज्वेलचं, ५६५ हे तारखेचं. कॅलिबर आणि झाकणाचा नंबर एकमेकांना पटतात का, हे आधीच शोधून वहीत लिहून न्या. रोटर (ऑटोमॅटिकमधलं फिरणारं वजन) तांबूस आणि खालचा ब्रिज (चाकं धरून ठेवणारी पट्टी) पांढरट, किंवा एका स्क्रूचं डोकं नवं आणि बाकीची झिजलेली, असं दिसलं तर दोन-तीन मशीनची मिळून एक गोधडी झाली आहे. मशीन केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचात, डुगडुगतंय, किंवा पत्र्याची पट्टी कोंबून घट्ट केलंय, तर तिथेच थांबा.

सात-आठ आकडी सीरियल नंबर मशीनच्या ब्रिजवर असतो. त्यावरून साल कळतं: २४ ने सुरू होणारा आठ आकडी नंबर साधारण १९६६-६७ चा. जुन्या ओमेगात हा नंबर केसवर नसतो. त्यामुळे मशीन बदललं तर नंबर जुळवून पकडता येत नाही, झाकणाच्या नंबराशी कॅलिबर ताडूनच पकडावं लागतं. रोलेक्समध्ये गोष्ट वेगळी. जुन्या रोलेक्सच्या केसवर सहाच्या बाजूला, पट्टा काढल्यावर दोन शिंगांच्या मध्ये सीरियल सापडतो आणि बाराच्या बाजूला मॉडेलचा नंबर. हे कोरीव काम भिंगाखाली धारदार, चमकदार कडांचं असावं. आम्लाने खाल्ल्यासारखी खरखरीत अक्षरं चालणार नाहीत.

सीमास्टरच्या पाठीवरचा समुद्री घोडा पुसट झाला असेल तर केसवर बफ मारलेला आहे, म्हणजे ती घासून पॉलिश केलेली आहे. घड्याळ खोटं ठरत नाही, पण भाव उतरतो. काचेच्या मधोमध, प्लास्टिकच्या मूळ काचेत, इवलंसं ओमेगाचं चिन्ह असतं. ते भिंगानेच दिसतं. काच बदललेली असणं हा गुन्हा नव्हे, त्यामुळे यावर फार अडू नका.

सोन्याचं म्हणून सांगत असतील तर झवेरी बाजारात टंच काढून घ्या, यंत्रावर काही मिनिटांचं काम आहे. जुन्या स्विस केसवर १८ कॅरेटला हेल्वेशियाचा (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा) मुखवटा आणि १४ कॅरेटला खारीचा ठसा असायचा. ठसा खरा वाटला तरी टंच काढाच. सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या, आत स्टील असलेल्या केस आपल्याकडे खूप फिरतात.

सगळं जुळलं, तरी

समजा झाकण, मशीन, साल, काटे सगळं एकमेकांना ओळखतंय आणि वेगळी आहे ती एकटी डायल. आता तिच्याकडे बघायची वेळ झाली. असं दुसरं कुठे नोंदलं गेलंय का? नसेल तर त्याच सालच्या इतर मॉडेलवर ही छपाई, ही पट्टी, हा रंग दिसतो का? कारखाना एका डायलसाठी नवं अक्षरवळण घडवत बसत नाही. खऱ्या दुर्मिळ डायलचे तुकडे तिच्या सामान्य बहिणींमध्ये विखुरलेले सापडतात.

मूळच्या अस्सल घड्याळात दुर्मिळ डायल बसवणं हा प्रकार श्रीमंतांच्या बाजारातही चालतो. रोलेक्स डेटोनाच्या ज्या डायलना पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचं नाव पडलं, त्या त्यांच्या काळात दुकानात पडून राहायच्या. २०१७ साली न्यूमनचं स्वतःचं घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. साध्या डेटोनाची डायल काढून तशी डायल लावायला यापेक्षा मोठं आमंत्रण कुठलं? केस खरी, मशीन खरं, नंबर खरा. खोटी ती एक चकती, आणि सगळे पैसे तिचेच.

तज्ज्ञ, कागद आणि नामांकित लिलाव यांच्यावरही डोळे मिटून विसंबू नये, याचा दाखला ओमेगानेच दिला आहे. १९५७ च्या २९१५-१ मॉडेलचं, उन्हाने तपकिरी झालेल्या डायलचं एक स्पीडमास्टर नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगाच होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. आपल्या चोर बाजारातल्या चौदा हजारांच्या जुगाडाचाच हा थोरला भाऊ, फक्त सूट घातलेला.

अगदी नव्या महागड्या घड्याळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो माझा प्रांत नाही. हल्लीच्या नकला मशीनसकट हुबेहूब येतात आणि भिंगाने पकडणं नवशिक्याचं काम नव्हे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळ दाखवा, ते उघडून काय म्हणतात ते लेखी घ्या, आणि विक्रेत्याने त्याला नकार दिला तर सौदा तिथेच सोडा.

पैसे देताना

बिलावर ‘जुनं घड्याळ, जसं आहे तसं’ एवढंच लिहून घेऊ नका. मॉडेलचा नंबर, कॅलिबर, सीरियल, आणि ‘डायल मूळ कारखान्याची’ हे शब्द लिहून मागा. तोंडाने शंभर वेळा ‘ओरिजिनल’ म्हणणाऱ्याचं पेन इथे अडतं. मी तर आता पहिला प्रश्न हाच विचारतो. तपासून परत करायला पंधरा दिवसांची मुदतही लेखी असू द्या.

दोन लाखांच्या वरच्या व्यवहाराला पॅन लागतो आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने १ टक्का कर गोळा करायचा आहे. "बिल नको, तेवढंच स्वस्त पडेल" हे ऐकून मोहात पडू नका. पुढे फसवणुकीची तक्रार करायला हातात कागदच उरत नाही.

आणि घड्याळ खरंच अस्सल, खरंच वेगळं निघालं, तर सर्व्हिसला टाकताना तोंड उघडायला विसरू नका. सर्व्हिस सेंटरला घड्याळ नव्यासारखं करून द्यायची सवय असते. डागाळलेली जुनी डायल काढून नवी चकचकीत लावून देतात, तीही अगदी प्रेमाने. देण्यापूर्वी डायल, काटे, चावी, झाकणाची आतली बाजू यांचे फोटो काढा. जॉबकार्डवर ठळक लिहून घ्या: डायल, काटे, चावी बदलू नये, पॉलिश करू नये, कुठलाही भाग बदलल्यास जुना परत द्यावा. त्याखाली काउंटरवरच्या माणसाची सही घ्या आणि मगच घड्याळ मनगटावरून उतरवा.